दगड मऊ निघाला म्हणून

सोळाव्या शतकात नानजिंगच्या सरकारी विद्यालयात वेन फंग (1498–1573) नावाचा एक अध्यापक होता. वडील वेन झंगमिंग सूझोउचे, त्या काळातले मोठे चित्रकार आणि अक्षरकार. मुलाचे अक्षरही नावाजलेले. एके दिवशी वेन फंग मेण्यात बसून पुलावरून चालला असता त्याला भांडण ऐकू आले. दगडांच्या दोन टोपल्या लादलेले गाढव, त्याच्यामागे आणखी दोन टोपल्या खांद्यावर वाहणारा म्हातारा आणि समोर दुकानदार. दगड नदीवाटे आलेले. दुकानदाराने ते घ्यायचे कबूल केले होते, पण वाहून आणल्याची मजुरी वेगळी द्यायला तो तयार नव्हता. वेन फंगने दगडांकडे बराच वेळ निरखून पाहिले, दगडांची किंमत आणि दुप्पट मजुरी मोजली आणि चारही टोपल्या घरी नेल्या. दगड कापल्यावर आत निघाला तो अर्धपारदर्शक खडा, ज्याला 'दिव्याचा उजेड' असे नाव मिळाले. ही हकीकत झोउ लियांगगोंग (1612–1672) या अधिकारी-संग्राहकाने शिक्के कोरणाऱ्यांच्या चरित्रांच्या पुस्तकात लिहून ठेवली आहे. चिनी शिक्क्यांचा इतिहास सांगणारे बहुतेक लोक ती सांगतात आणि सांगताना वेन फंगच्या पारखी नजरेचे कौतुक करतात. त्याच मजकुरातली दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. दगड हाती येण्यापूर्वी वेन फंगचे शिक्के हस्तिदंताचे असत. त्यांवर अक्षरे तो स्वतः शाईने लिही आणि कोरायला ली वेनफू नावाच्या नानजिंगच्या कारागिराकडे देई. ली पंख्यांच्या काड्यांवर फुले-पाने कोरण्यात तरबेज होता, आणि वेनच्या हाताची ढब जराही न बिघडवता तो अक्षरे कोरी. झोउ स्पष्टच लिहितो की वेनचे निम्मे हस्तिदंती शिक्के लीच्या हातचे आहेत. दगड मिळाल्यावर मात्र वेनने हस्तिदंत सोडून दिला.

या दोन वाक्यांत एका कलेच्या जन्माची कथा आहे. तोवर शिक्क्याला दोन माणसे लागत: अक्षर रचणारा विद्वान आणि ते धातूत, जेडमध्ये किंवा दातात उतरवणारा कारागीर. मऊ दगडाने ही दोन माणसे एका देहात आणली. चिनी शिक्का ही कवितेच्या आणि चित्राच्या पंक्तीला बसणारी, कर्त्याच्या नावाने ओळखली जाणारी कला झाली, आणि त्याचे मोठे कारण दगड मऊ निघाला हे होते, असे माझे म्हणणे आहे. त्याला जोडून दुसरे म्हणणे असे की ज्या मऊपणाने विद्वानाला हत्यार दिले, त्यानेच खाणवाल्यांची, घोटणाऱ्यांची, मुठी घडवणाऱ्यांची नावे मागे ढकलली. एकाच घटनेच्या या दोन बाजू आहेत, आणि दुसरी सांगितल्याशिवाय पहिली खरी होत नाही.

आधी शिक्का काय होता ते पाहू. आपल्या भाषेत 'शिक्कामोर्तब' हा शब्द कचेरीतून आला. शिक्का म्हणजे अधिकार, आणि मोर्तब झाले की विषय संपला. चीनमध्येही प्रारंभ तिथूनच झाला. छिन सम्राटाने स्वतःच्या शिक्क्यासाठी वेगळा शब्द राखून ठेवला, आणि हान काळातले अधिकारी आपल्या पदाचा ओतीव शिक्का रेशमी पट्ट्याने कमरेला बांधत. मूठ कासवाची आहे की उंटाची यावरून दर्जा आणि प्रदेश समजे. जपानमध्ये 1784 साली शेतात सापडलेला सोन्याचा शिक्का हान दरबाराने इसवी सन 57 मध्ये तिथल्या एका राजाला दिलेला मानतात. त्याची बाजू सुमारे 2.35 सेंटिमीटर, वजन सुमारे 108 ग्रॅम आणि मुठीवर साप. कागद रुळण्याआधी बांबूच्या आणि लाकडाच्या पट्ट्यांवर पत्रे लिहीत, दोरीने बांधत आणि गाठीवर ओल्या मातीचा गोळा चिकटवून त्यावर शिक्का दाबत. कागद आला, हिंगुळाची तांबडी शाई आली, तसे शिक्के मोठे झाले आणि अक्षरे उठावाची झाली. पण करणारा बदलला नाही. धातूचा शिक्का ओतारी ओतत असे किंवा कोरक्या टाकीने ठोकून कोरत असे. जेड तर पोलादाच्या हत्याराला दाद देत नाही. मोह्सच्या मापाने त्याची कठीणता सहा ते साडेसहा, म्हणून ते फिरत्या चाकावर वाळू लावून घासत घासत झिजवावे लागते. हे काम शिकण्यात आयुष्य जाते, आणि ज्याचे आयुष्य परीक्षांचे ग्रंथ पाठ करण्यात गेले त्याच्या आवाक्यात ते नव्हते. युआन काळातला थोर अक्षरकार झाओ मंगफू (1254–1322) याने शिक्क्यांसाठी गोलाईदार, सडसडीत अक्षरांची नवी घडण निर्माण केली. पण त्याचे काम कागदावर थांबे. पुढचे कारागिराकडे.

आता दगडाकडे वळू. इंग्रजीच्या वळणाने आपण त्याला संगजिरे म्हणतो, पण संगजिरे म्हणजे नखाने ओरखडा उठतो ती वस्तू, आणि चिनी शिक्क्यांचे उत्तम दगड त्या जातीचे नाहीत. ते पायरोफिलाइट आणि डिकाइट या खनिजांचे असतात, संगजिऱ्यापेक्षा जरा घट्ट आणि कणांनी फार बारीक. कठीणता साधारण दोन ते तीनच्या दरम्यान. चाकू सहज चालतो, पण कडा ढासळत नाही. या गुणाची जोडी निसर्गात सहसा मिळत नाही. अशा दगडाच्या मोठ्या खाणी दोन: झेजियांग प्रांतातले चिंगतिएन आणि फूजियानमध्ये फूझोउच्या उत्तरेच्या डोंगरातले शोशान गाव. यांखेरीज चांगहुआचा दगड हिंगुळाच्या लाल शिंतोड्यांमुळे 'कोंबडीच्या रक्ताचा दगड' म्हणून ओळखला जातो. तो डोळ्यांना देखणा, पण हत्याराखाली नेहमीच गुणी नसतो. हाताला चिंगतिएन कुरकुरीत लागतो, शोशान तुपकट. आणि ही चव ठशात उतरते. कोरण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. एकीत पाते पुढे सरकवत सलग रेघ काढायची. दुसरीत पाते खालीवर करत छोटे छोटे घाव एकापुढे एक जोडायचे. हांगझोउचा दिंग जिंग (1695–1765) या दुसऱ्या रीतीचा आचार्य. पोटासाठी मद्य विकणारा हा माणूस जुन्या शिलालेखांचा व्यासंगी होता. त्याच्या रेघेत प्रत्येक घावाचा सांधा दिसतो आणि रेघ थरथरत चालल्यासारखी वाटते. ती थरथर धातूत ओतता येत नाही, जेडवर झिजवता येत नाही, हस्तिदंतात कोरता येत नाही, कारण हस्तिदंताला तंतू असतात आणि तो टवके देत नाही. विसाव्या शतकातला ची बायशी (1864–1957) एका बाजूनेच पाते चालवी. रेघेची एक कड वस्तऱ्याने कापल्यासारखी सरळ राही आणि दुसरी बाजू दगडाचे कण उडून खडबडीत होई. त्या खडबडीतपणात त्याची सही आहे. हे दगडानेच दिले. बायशी तरुणपणी सुतार आणि लाकडावर नक्षी करणारा होता ही गोष्ट इथे विसरण्यासारखी नाही. कारागिराची मनगटे आणि विद्वानाची अक्षरे एका माणसात आल्यावर काय होते, याचे त्याच्याइतके ठळक उदाहरण नाही.

यावर पहिला आक्षेप कालक्रमाचा. वेन फंगच्या सुमारे दोनशे वर्षे आधी, युआन राजवटीच्या अखेरीस, प्लमच्या फुलांच्या चित्रांसाठी प्रसिद्ध असलेला चित्रकार वांग म्यान याने 'फूलदुधी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मऊ दगडावर आपले शिक्के स्वतः कोरले, अशी मिंग काळातली नोंद आहे. म्हणजे शोध वेनचा नव्हे. आक्षेप खरा आहे, आणि तो माझ्या म्हणण्याला बाधक नसून पूरकच आहे. वांग म्याननेही हत्यार हाती घेतले ते दगड मऊ मिळाला तेव्हाच. त्याचे काम त्याच्यापुरते राहिले, कारण त्या दगडाचा पुरवठा आणि बाजार उभा राहिला नव्हता. वेनच्या काळी नानजिंग ही दुय्यम राजधानी होती. तिथे दुकाने होती, नदीवाटे माल येत होता, सूझोउ आणि हुईझोउचे श्रीमंत गिऱ्हाईक होते. गाढवावर लादून दगड दुकानात येत होता ही त्या हकीकतीतली बाब अपघाताची नाही. दुसरा आक्षेप याहून जड आहे. शोशानचा दगड माणसाने सोळाव्या शतकात पहिल्यांदा पाहिला असे मुळीच नाही. फूझोउच्या परिसरातल्या दक्षिणी राजवंशांच्या काळातल्या थडग्यांत त्या दगडाची छोटी डुकरे सापडली आहेत, आणि सुंग काळातल्या थडग्यांत तर त्याच्या बाहुल्या विपुल निघाल्या आहेत. हजार वर्षे दगड तिथेच होता, मऊच होता, कोरलाही जात होता. मग शिक्क्यांची कला हजार वर्षे का थांबली? याचे उत्तर असे की दगड एकटा काही करत नाही. कारागिराच्या हातात तो बाहुली झाला, कारण कारागिराला बाहुल्यांचे काम होते. ज्या माणसाला स्वतःची अक्षरे दुसऱ्याच्या हाती सोपवण्याची खंत होती, त्याच्या हाती दगड पडल्यावर तो शिक्का झाला. खंत आणि दगड यांची गाठ पडायला हजार वर्षे लागली. पण खंत तर झाओ मंगफूच्या पिढीतही असणार. तिला वाट मिळाली ती दगडाने.

तिसरा आक्षेप ग्रंथांचा आहे, आणि तो घेणारे पुष्कळ विद्वान आहेत. त्यांच्या मते शिक्क्यांची कला दगडाने घडवली नाही, जुन्या शिक्क्यांच्या अभ्यासाने घडवली. वूचिउ यानने युआन काळात प्राचीन मुद्रालिपीचे आणि हान शिक्क्यांचे नियम लिहून काढले होते. मग 1572 साली शांघायच्या गू त्सुंगद याने आपल्या घरच्या धातूच्या आणि जेडच्या प्राचीन शिक्क्यांचे प्रत्यक्ष ठसे घेऊन संग्रह काढला. त्याच्या फक्त वीस प्रती निघाल्या, पण तीनच वर्षांत लाकडी ठोकळ्यांवर कोरलेली मोठी आवृत्ती छापली गेली आणि हान काळाची अक्षरे घरोघर पोचली. त्या वेडाची खोली एका गोष्टीवरून कळते. सतराव्या शतकाच्या प्रारंभी एका कोरणाऱ्याला 'वांग ग्वान' अशी अक्षरे असलेला हान काळातला कांस्य शिक्का सूझोउत मिळाला. त्याने आपले मूळ नाव टाकले आणि शिक्क्यावरचे धारण केले. इतिहासात तो वांग ग्वान म्हणूनच ओळखला जातो. हे सगळे मान्य. ग्रंथांशिवाय या कलेला आदर्श मिळाला नसता. पण आदर्श आणि हात या दोन वेगळ्या वस्तू आहेत. ठशांची पुस्तके वाचून जाणकार तयार होतात, संग्राहक तयार होतात, लबाड नकलाकारही तयार होतात. कर्ता तयार व्हायला त्याला शंभर वेळा चुकून एकशेएकाव्या वेळी जमेल असे स्वस्त, घासून पुन्हा वापरता येणारे माध्यम लागते. जेडवर सराव करता येत नाही. दगडाचा तळ पाण्यातल्या पत्थरावर घासला की पाटी कोरी. त्या काळच्या लोकांना हे उमगले होते. गान यांगने 1596 च्या सुमारास शिक्क्यांवर पुस्तक लिहिले, त्यात दगड जुन्या लोकांनी वापरला नाही, टिकत नाही, हे तो सांगतो. तरीही लेखणीचा जिवंतपणा दगडात जसा उतरतो त्याच्यापुढे सोने-जेडही श्रेष्ठ म्हणता येत नाही, असा कौल तो देतो. हा माणूस जुन्याचा भक्त होता, तरी त्याने दगडाच्या बाजूने साक्ष दिली.

चौथा आक्षेप मी स्वतःच घेतो, कारण झोउच्या मजकुरातच तो दडला आहे. वेनच्या घरी दगडांचा ढीग पाहून नानजिंगच्या युद्धखात्यातल्या एका बड्या अधिकाऱ्याने शंभर दगड नेले, असे तो लिहितो. त्यांतले निम्मे वेनने कोरायचे ठरले. उरलेल्या निम्म्यांवर वेनने फक्त शाईने अक्षरे लिहायची आणि हो झेन नावाच्या तरुणाने कोरायचे. म्हणजे दगड येताच जुनी वाटणी संपली असे नाही. ली वेनफूच्या जागी हो झेन आला, एवढेच. मग दोन माणसे एक झाली हे म्हणणे टिकते का? माझ्या मते टिकते, आणि हो झेनच्या पुढच्या आयुष्यामुळेच टिकते. हुईझोउकडचा हा तरुण वेनच्या हाताखाली तयार झाला, लिपीचे शास्त्र शिकला, त्याच अधिकाऱ्याच्या ओळखीने उत्तर सीमेवरच्या छावण्यांत गेला, आणि सेनापतींपासून खालचे सगळे त्याच्या हातचा एखादा शिक्का मिळाला तर भूषण मानू लागले. कुणाच्या अक्षरांवर टाकी चालवणारा म्हणून त्याला कुणी बोलावले नाही. 'हो झेनचा शिक्का' हवा म्हणून बोलावले. तो शिक्क्याच्या बाजूवर आपले नाव कोरे. कडेवर सही करण्याची रीत वेन आणि हो यांच्या पिढीपासून रुळली, आणि पुढे तिच्यात तारीख, प्रसंग, कविता, स्नेह्याला अर्पणपत्रिका असे सगळे येऊ लागले. दोन-तीन सेंटिमीटर रुंदीच्या कडेवर एकेक अक्षर तिळाएवढे. कर्त्याने कृतीवर सही करणे ही गोष्ट आज आपल्याला साहजिक वाटते, पण हान काळातल्या सोन्याच्या शिक्क्यावर ओताऱ्याचे नाव नाही, आणि ली वेनफूने कोरलेल्या हस्तिदंतावर मान वेन फंगचा. झोउ हे सगळे वेनच्या मृत्यूनंतर सुमारे शंभर वर्षांनी लिहीत होता, म्हणून गाढवाच्या आणि म्हाताऱ्याच्या तपशिलात कुणी रंग भरला असेल अशी शंका घेता येईल. पण लीला निम्मे श्रेय देणारे वाक्य भक्ताने रचलेले असू शकत नाही. भक्त गुरूचे श्रेय वाढवतो. कमी करणारा तपशील तो कुणाच्या तरी तोंडून पक्का ऐकल्याशिवाय लिहीत नाही.

आता दुसरी बाजू. शिक्का म्हणजे त्याचा तळ नव्हे. खाणीतून दगड काढणारा, त्यातला तडा ओळखून कापणारा, घासणारा, मेण देऊन झिलई आणणारा, वर सिंह किंवा ड्रॅगन घडवणारा, असे अनेक हात त्याला लागलेले असतात. झोउच्या पुस्तकात यांच्यापैकी एकीला जागा मिळाली आहे. हान यूएसू ही हो झेनच्या परंपरेतल्या लियांग चिएनच्यू या कोरणाऱ्याच्या घरची उपपत्नी. ती आधी दगड घासून तयार करी, मग लिपी शिकली, आणि अखेर स्वतः कोरू लागली. तिचे छोटे, नाजूक शिक्के लोक मागून घेत, आणि मोठा दगड कोरायला ती नाखूश असे. घोटण्यापासून कोरण्यापर्यंतचा तिचा प्रवास लिहिला गेला, कारण तो शेवटी कोरण्यापाशी पोचला. जी घोटण्यापाशीच थांबली तिचे नाव कुणी लिहिले असते असे वाटत नाही. मुठी घडवणाऱ्यांचे तसेच. खांग्शी सम्राटाच्या काळात, म्हणजे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, शोशानच्या दगडाला तेजी आली. फूझोउच्या गाओ झाओने 1668 मध्ये आणि नंतर माओ चीलिंगने दगडांची वर्णने करणारी पुस्तिका लिहिली. शेतातला दगड पहिला, पाण्याच्या खाणीतला दुसरा, डोंगरातला तिसरा ही प्रतवारी माओने ठरवली आणि ती आजही चालते. शेतातला म्हणजे तिएनहुआंग, 'शेतपिवळा'. डोंगरातून सुटून ओढ्याकाठच्या भातखाचरांच्या मातीत युगानुयुगे पडून राहिलेला, बाहेरून साल धरलेला, आत शिजवलेल्या रताळ्याच्या रंगाचा. तोळाभर तिएनहुआंगाला तीन तोळे सोने, अशी म्हणच पडली. याच काळात यांग यूश्वान आणि झोउ बिन हे दोन कोरक्ये मुठी आणि मूर्ती घडवत होते, आणि त्यांच्या हातचे सिंह आजही संग्रहालयांत मानाने ठेवले जातात. कुणी म्हणेल, मग या दोघांची नावे राहिलीच की! राहिली, पण कशी ते पाहावे. झोउ बिन आपली सही नक्षीच्या वळणांत, एखाद्या पट्टीच्या रेषेत मिसळून लपवी. शोधणाऱ्यालाच ती सापडते. तळ कोरणारा कडेवर उघड तारीख-वार घालून सही करत होता, आणि मूठ घडवणारा दडून. दोघांचे काम एकाच दगडावर.

या दडण्याचे एक कारण सामाजिक दर्जाचे, हे उघड आहे. पण दुसरे कारण मला अधिक निर्णायक वाटते, आणि ते पुन्हा दगडाच्या मऊपणातच आहे. मऊ दगडाचा शिक्का टिकाऊ नसतो. धनी बदलला, नाव बदलले, की तळ घासून नवी अक्षरे कोरत. उत्तम दगड महाग, म्हणून हे तर सर्रास होई. जुन्या दगडावर नव्या हाताने कोरलेल्या प्रसिद्ध सह्या बाजारात नेहमी येतात, आणि वेन फंगच्या नावाने फिरणाऱ्या दगडांतले थोडेच तज्ज्ञ विश्वासाने स्वीकारतात. म्हणून या कलेचा इतिहास दगडांत कमी आणि पुस्तकांत जास्त जपला गेला. त्या पुस्तकांत तळाचा तांबडा ठसा उमटवत, पुढे त्याच्या बाजूला कडेच्या सहीचा काळा छापही घेऊ लागले. ज्याला शाई लागते आणि जे कागदावर सपाट उमटते तेवढेच पिढ्यांपुढे गेले. सिंहाचा ठसा उमटत नाही. ड्रॅगनची शेपटी कागदावर येत नाही. झिलई तर नाहीच नाही. दिंग जिंगनंतरचे हांगझोउचे कोरणारे असोत, लेखणीच्या मुरड्या दगडावर आणणारा दंग शिरू (1743–1805) असो, किंवा वू चांगश्वो (1844–1927) असो, यांची कीर्ती अशा पुस्तकांनी देशभर आणि जपानपर्यंत नेली. हांगझोउच्या पश्चिम सरोवरातल्या बेटावर 1904 साली शीलिंग मुद्रा मंडळ स्थापन झाले, 1913 मध्ये वू चांगश्वो त्याचा पहिला अध्यक्ष झाला, आणि मंडळाने केलेले मोठे काम म्हणजे अशाच ठशांच्या संग्रहांचे प्रकाशन. त्या मंडळाच्या कामाबद्दल मला आदरच आहे, कारण त्या पुस्तकांशिवाय आपल्याला या कलेतले काहीच कळले नसते. पण जी वस्तू तीन बाजूंनी घडते तिचा इतिहास सपाट कागदावर ठेवला, की कुणाचे तरी काम गळणारच. फूझोउत पुढे मुठी आणि मूर्ती करणाऱ्यांची पूर्ववेशी आणि पश्चिमवेशी अशी दोन घराणी झाली. पश्चिमवेशीच्या लिन छिंगछिंग (1876–1948) याने दगडाच्या अंगावर जेमतेम पापुद्र्याएवढ्या जाडीची डोंगर-पाण्याची चित्रे कोरली. तिएनहुआंग सोन्याच्या भावाने विकला जात असताना त्याचा कण वाया न घालवता साल, डाग, तडा सगळे चित्रात सामावून घेण्याची ही युक्ती होती. दगड वाचवण्यातून उपजलेली ही अस्सल कला आहे. शिक्क्यांच्या पुस्तकांना ती दाखवता येत नाही.

राजवाडा याबद्दल काय सांगतो तेही बघण्यासारखे आहे. छिएनलुंग सम्राटाने 1746 मध्ये राज्याचे शिक्के पंचवीस ठरवले. ते जेडचे, सोन्याचे, चंदनाचे. शोशानचा दगड त्यांत नाही, कारण राज्याच्या शिक्क्याला टिकाऊपणा आणि दर्जा हवा, कर्त्याच्या हाताची थरथर नको. पण त्याच सम्राटाने स्वतःच्या आवडीसाठी, चित्रांवर आणि पोथ्यांवर उमटवायला शेकडो शिक्के करवले, त्यांत हा दगड पुष्कळ. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध म्हणजे तिएनहुआंगच्या एकाच खड्यातून काढलेले तीन शिक्के, दोन चौकोनी आणि एक लंबगोल, मध्ये त्याच दगडाच्या कोरीव कड्यांची साखळी. शेवटचा सम्राट फूयी याने वनवासात तो आपल्या कापसाच्या अंगरख्यात शिवून जपला आणि अखेर नव्या सरकारच्या हवाली केला. आता तो बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे. या वस्तूकडे पाहणारा तळावरची अक्षरे वाचत नाही. तो साखळी पाहतो. इथे मूठ घडवणाऱ्याने तळ कोरणाऱ्यावर मात केली आहे, आणि तरी त्या वस्तूची ओळख सम्राटाच्या नावानेच होते. राज्याच्या आणि आवडीच्या या वाटणीतून माझ्या पहिल्या म्हणण्याला पुष्टी मिळते. सत्तेने कठीण वस्तू घेतली, व्यक्तीने मऊ.

आजच्या नोंदींतही ही फाळणी कायम आहे. चीनच्या अमूर्त वारशाच्या 2006 सालच्या पहिल्या राष्ट्रीय यादीत शीलिंगच्या नावे मुद्राकोरीव एक आणि शोशान-चिंगतिएनचे दगडकाम वेगळे. युनेस्कोने 2009 मध्ये आपल्या यादीत घेतले ते मुद्राकोरीव. मला वाटते, शिक्क्यांच्या प्रत्येक सूचिपत्रात तळ, कड आणि मूठ यांचे कर्ते तीन वेगळ्या ओळींत लिहावेत, आणि जिथे नाव माहीत नाही तिथे ओळ गाळू नये, रिकामी ठेवावी. वस्तू जपणाऱ्यांनी एवढे केले तर झोउ लियांगगोंगने जे थोडेसे करून ठेवले ते पुढे नेता येईल. त्या माणसाने 1670 मध्ये आपले लिखाण स्वतः जाळले. शिक्के कोरणाऱ्यांची चरित्रे त्याच्या मृत्यूनंतर छापली गेली, आणि छिएनलुंगच्या काळात ती सम्राटाच्या महाग्रंथसंग्रहातून काढून टाकण्यात आली. तरी पुस्तक टिकले. त्यात ली वेनफूचे नाव आहे. चार टोपल्या दगड घेऊन मजुरीसाठी भांडणाऱ्या म्हाताऱ्याचे नाही.